नव्याने शहरात आलेल्यांच्या सोबतीला : विहारातील स्वयंसेवकांनी काय करावे, काय करू नये

परळला सकाळी सहाच्या सुमारास गेले की केईएम आणि टाटा रुग्णालयाच्या बाहेरच्या फुटपाथवर माणसे बसलेली दिसतात. कुणी यवतमाळहून रात्रीच्या गाडीने आलेले, कुणी हिंगोलीहून, कुणी उत्तर प्रदेशातून. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत गावच्या डॉक्टरांची चिठ्ठी, एक्स-रे आणि घडी पडून फाटत आलेले रेशनकार्ड. केसपेपरची रांग कुठे लागते हे विचारायलाच त्यांचा तास जातो, कारण कुणाला विचारावे हे कळत नाही. वॉचमन हाकलून देईल अशी भीती असते.

रोजगारासाठी चाकण, तळोजा, भिवंडी, कल्याणच्या बाजूला आलेल्या कुटुंबांचे याहून फार वेगळे नसते. फरक इतकाच, की ही माणसे धडधाकट आलेली असतात आणि कुणी आजारी पडेपर्यंत दवाखान्याचा विचार करत नाहीत. मग एखाद्या रात्री पोराला ताप चढतो, गल्लीतल्या डॉक्टरकडे तीन दिवसांची मजुरी जाते, चौथ्या दिवशी मोठ्या दवाखान्यात नेतात, आणि तिथे पहिला प्रश्न येतो : कागद कुठे आहेत? कागद गावाला, पत्र्याच्या पेटीत.

आमचा गट गेली काही वर्षे रविवारी विहारात एक टेबल लावून बसतो. आलेल्याला बसवायचे, ऐकून घ्यायचे, आणि पुढच्या आठवड्यात त्याच्याबरोबर एकदा दवाखान्यात किंवा रेशनच्या दुकानात जायचे, एवढेच काम. या काळात कोणत्या गोष्टी उपयोगी पडल्या आणि कुठे आमची चूक झाली, ते इतर शहरांतील तरुण-तरुणींना कामाला यावे म्हणून इथे मांडत आहोत. एक गोष्ट आधीच सांगतो. सरकारी आरोग्यसेवेवर या माणसांचा हक्क आहे आणि तो गाव सोडल्याने जात नाही. त्यांच्याकडे नसते ती ओळख. कोणती खिडकी, कोणता कागद, कोणता माणूस, हे त्यांना माहीत नसते. म्हणून हक्क मिळवून देणारे म्हणून आपण मिरवू नये. पहिले काही आठवडे वाट दाखवणारा सोबती एवढेच आपले काम समजावे.

विनयपिटकाच्या महावग्गात आजारी भिक्खूचा प्रसंग आहे, तो आपल्यापैकी अनेकांनी प्रवचनात ऐकला असेल. पोटाच्या विकाराने एक भिक्खू स्वतःच्या घाणीत पडून आहे आणि कुणी त्याच्याकडे बघत नाही. भगवान बुद्ध आनंदाला घेऊन येतात, पाणी आणवतात, त्याला धुतात, उचलून खाटेवर ठेवतात. प्रवचनात बहुधा एवढेच सांगितले जाते. पण सहकाऱ्यांनी दुर्लक्ष का केले याचे कारणही तिथे दिले आहे : तो भिक्खू इतरांच्या काही उपयोगाचा नव्हता. नव्याने वस्तीत आलेल्या माणसाचे असेच असते. त्याचा अजून कुणाला उपयोग नाही, त्याने कुणावर उपकार केलेला नाही, म्हणून त्याच्या दारावर कुणी थाप मारत नाही. पुढे त्याच प्रकरणात शुश्रूषा करणाऱ्याच्या अंगी काय असावे हेही सांगितले आहे. औषध तयार करता यावे, काय मानवते आणि काय मानवत नाही हे कळावे, लाभासाठी सेवा करू नये, घाणीची किळस करू नये, आणि रोग्याशी धीर येईल असे बोलता यावे. स्वयंसेवकांच्या पहिल्या बैठकीत आम्ही हा भाग वाचतो.

आजारी पडण्याआधी : रेशनकार्ड

आरोग्याच्या कामाची सुरुवात रेशनकार्डापासून होते, हे ऐकून नवे स्वयंसेवक बुचकळ्यात पडतात. पण महाराष्ट्रात मोफत शस्त्रक्रिया, धर्मादाय रुग्णालयातील खाट, उत्पन्नाचा पुरावा या सगळ्यांचे धागे त्या एका कार्डाला जोडलेले आहेत.

नव्या कुटुंबाला सगळ्यात आधी सांगायचे ते हे, की गावचे रेशनकार्ड घाईने रद्द करू नका. शहरात घर केले म्हणून बरेच जण गावाकडे नाव कमी करून घेतात आणि इथे नव्याने अर्ज करतात. कार्ड मिळतेही, पण धान्य मिळत नाही, कारण प्राधान्य कुटुंब योजनेचा त्या भागाचा इष्टांक भरलेला असतो. शिवाय या योजनेसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० रुपये आणि शहरात ५९,००० रुपये धरली होती. शहरात दोघे कामाला लागले की कागदावर ती ओलांडायला वेळ लागत नाही. एकदा हातचे धान्य गेले की परत मिळवताना वर्षे जातात.

त्याऐवजी ‘एक देश एक रेशनकार्ड’ या सोयीचा उपयोग करावा. ही सोय २०१९ मध्ये मोजक्या राज्यांत सुरू झाली आणि २०२२ पर्यंत सगळ्या राज्यांत पोचली. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखालचे अंत्योदय किंवा प्राधान्य कुटुंबाचे कार्ड असेल, तर देशातल्या कोणत्याही रास्त भाव दुकानात अंगठा लावून धान्य घेता येते. त्यासाठी कार्ड बदलावे लागत नाही, अर्ज द्यावा लागत नाही. म्हातारे आईवडील गावाला आणि मुलगा-सून शहरात, अशा घरात थोडे धान्य तिकडे आणि थोडे इकडेही उचलता येते. दुकानदार पहिल्या वेळी ‘बाहेरचे कार्ड चालत नाही’ म्हणतो, हे आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्याचा राग येत नाही. त्याला मशीनवर कार्डाचा बारा अंकी क्रमांक टाकायला शांतपणे सांगावे. नाव आले की वाद संपतो. नाव आले नाही तर बहुधा आधार जोडलेले नसते किंवा त्या सदस्याची ई-केवायसी राहिलेली असते, आणि तो दोष दुकानदाराचा नसतो.

रेशनकार्डावर कुटुंबातील प्रत्येकाचे नाव आहे का, हे पहिल्याच भेटीत बघावे. सर्वांत जास्त घोळ नव्या सुनेच्या नावाचा असतो. तिचे नाव माहेरच्या कार्डावर राहिलेले असते. माहेरच्या तहसीलमधून नाव कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय सासरच्या कार्डावर ते चढत नाही, आणि हे काम बाळंतपणाच्या वेळीच आठवते. दुसरा घोळ लहान मुलांच्या नावांचा. जन्मदाखला असतो, पण कार्डावर नाव घालायचे राहून जाते.

आधारवरचा पत्ता बदलण्याची मात्र इतकी घाई नाही. दवाखान्यात आणि रेशन दुकानात गावच्या पत्त्याचे आधार चालते. मोबाइल क्रमांक जोडलेला असला पाहिजे, कारण ओटीपी त्यावर येतो. कामाच्या शोधात फिरणारी माणसे स्वस्त मिळाले की सिमकार्ड बदलतात आणि जुना क्रमांक आधारला तसाच राहतो. हे लहानसे काम आहे, पण याच्यामुळे अडलेल्या फायली आम्ही सर्वांत जास्त पाहिल्या आहेत.

भाड्याच्या खोलीबद्दल थोडे बोलावेच लागेल. आपल्या समाजातील कुटुंबाला खोली शोधताना आडनाव विचारले जाते, मग ‘तुमच्यात काय खातात’ असे विचारले जाते, आणि मग खोली नुकतीच गेल्याचे सांगितले जाते. यावर आमच्याकडे जादूचा उपाय नाही. वस्तीतील ज्येष्ठ उपासकाने किंवा महिला मंडळाच्या ताईंनी मालकाकडे शब्द टाकला तर काम होते, हा अनुभव आहे. खोली मिळाल्यावर भाडेकराराचा आणि पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिल्याचा कागद जपून ठेवावा. पुढे पत्ता दाखवायला तोच कामी येतो.

कुठे जायचे हे आधी दाखवून ठेवणे

नवे कुटुंब आले की पहिल्या पंधरवड्यात त्यांना तीन जागा प्रत्यक्ष चालत नेऊन दाखवाव्यात : जवळची अंगणवाडी, महापालिकेचा दवाखाना किंवा आरोग्य केंद्र, आणि रात्री उघडे असणारे जवळचे सरकारी रुग्णालय. पत्ता सांगून भागत नाही. एकदा पायाखालून वाट गेली की रात्री दोन वाजताही माणूस पोचतो. मुंबईत नोव्हेंबर २०२२ पासून महापालिकेने ‘आपला दवाखाना’ सुरू केले आहेत. ताप, खोकला, रक्तदाब, साखर यांसाठी तिथे जावे. त्यासाठी केईएमच्या किंवा सायनच्या ओपीडीत दिवस घालवू नये.

गरोदर बाई असेल तर तिची नोंदणी गावाला झालेली असो वा नसो, इथल्या आरोग्यसेविकेकडे लगेच घेऊन जावे. माता-बाल संरक्षण कार्ड कोणत्याही जिल्ह्याचे असले तरी पुढच्या तपासण्या आणि बाळाचे लसीकरण इथे होते. कार्ड हरवले असेल तर तसे सांगावे. लसीकरण थांबवू नये.

एका गैरसमजाबद्दल सावध करतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क झाले. ते वाचून लोक महापालिकेच्या किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात येतात आणि पैसे मागितले म्हणून भांडतात. ही रुग्णालये त्या विभागाखाली येत नाहीत. तिथे शुल्क कमी असते, आणि तेही परवडत नसेल तर वैद्यकीय समाजसेवा विभागात समाजसेवा अधीक्षकांना भेटावे. मोठ्या सरकारी रुग्णालयातील हा विभाग लोकांना जवळजवळ माहीत नसतो. औषधासाठी मदत, बाहेरून करायच्या तपासणीसाठी मदत, राहण्यासाठी चिठ्ठी, या गोष्टी तिथून होतात. स्वयंसेवकाने रुग्णालयात एकच दार ओळखून ठेवायचे असेल तर ते हे.

अपघात, झटका, बाळंतपणाची अडचण अशा वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत येते. जीव वाचवण्याचे पहिले उपचार नाकारता येत नाहीत, मग रुग्णालय सरकारी असो वा खासगी. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात हे स्पष्ट केले आहे.

मोठा आजार निघाला तर

राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ही जुनी राजीव गांधी जीवनदायी योजनाच. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये नाव बदलले. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०२० पासून तिच्याशी जोडलेली आहे. १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डासह सर्व रेशनकार्डधारक कुटुंबे तिच्यात आली आणि एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण झाले. कार्ड कोणत्या जिल्ह्याचे आहे याने अडत नाही. गोंदियाच्या कार्डावर मुंबईत शस्त्रक्रिया होते.

योजना चांगली आहे, पण तिच्याबद्दल वस्तीत चुकीच्या अपेक्षा असतात. ती ओपीडीच्या औषधासाठी नाही. यादीतल्या ठरावीक उपचारांसाठी, यादीतल्या रुग्णालयातच, आणि दाखल झाल्यावरच ती लागू होते. रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ नावाचा कर्मचारी बसतो. दाखल होताना आधी त्याला भेटावे, रेशनकार्ड आणि आधार दाखवावे, आणि हा उपचार योजनेत बसतो का, हे त्याच्याकडून ऐकावे. उपचाराची मंजुरी रुग्णालय ऑनलाइन घेते. आधी पैसे भरून टाकले आणि मग योजनेबद्दल विचारले, तर भरलेले पैसे परत मिळवणे फार कठीण जाते. योजनेखाली दाखल केल्यावरही डिपॉझिट मागितले तर १५५३८८ या क्रमांकावर तिथेच उभे राहून फोन करावा. आमचा अनुभव असा, की फोन लावताना दिसला की निम्म्या वेळा काउंटरवरचा सूर बदलतो.

सत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड निघते, त्याला उत्पन्नाची अट नाही. मुलाकडे शहरात राहायला आलेल्या आईवडिलांचे हे कार्ड आजारी नसतानाच काढून ठेवावे. वस्तीत इतर राज्यांतून आलेली कुटुंबेही असतात. त्यांच्याकडे गावचे आयुष्मान कार्ड असेल तर ते इथल्या यादीतल्या रुग्णालयातही चालते. त्यांना ‘तुम्ही आपले नाही’ म्हणून आमच्या टेबलावरून परत पाठवलेले नाही आणि पाठवणारही नाही.

योजनेत न बसणाऱ्या आजारासाठी धर्मादाय रुग्णालयांचा रस्ता आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये एक योजना ठरवून दिली. तिच्याप्रमाणे धर्मादाय रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात, आणि बिलाच्या रकमेतून २ टक्के वेगळे काढून निर्धन रुग्ण निधी करायचा असतो. तातडीच्या रुग्णाला डिपॉझिट न मागता दाखल करून त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार करणे त्यांना बंधनकारक आहे. बाहेरून पंचतारांकित दिसणारी कितीतरी रुग्णालये कागदोपत्री धर्मादाय असतात, म्हणून इमारत बघून पाठ फिरवू नये. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड लागते, आणि उत्पन्नाची मर्यादा शासन वेळोवेळी बदलते. ती धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात विचारून घ्यावी. खाट शिल्लक नाही असे सांगितले तर तसे लेखी मागावे. दाखला मात्र गावाहून निघतानाच काढून आणलेला बरा. इथे रुग्ण खाटेवर आणि घरातला एकुलता कमावता तहसीलच्या रांगेत, ही वेळ येऊ देऊ नये.

मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्जही उपचार चालू असतानाच करावा, घरी गेल्यावर नव्हे.

सिकलसेल : आपल्या घरातला विषय

याच्यावर आम्ही मुद्दाम जास्त लिहितो आहोत. विदर्भात आदिवासी आणि बौद्ध समाजात सिकलसेलचे प्रमाण लक्षात येण्याइतके आहे, इतर समाजांतही आहे. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या डॉक्टरांना हा आजार रोजचा आहे. तिथला मुलगा पुण्या-मुंबईकडे कामाला आला की तो अशा डॉक्टरांसमोर जातो ज्यांनी हे रुग्ण फारसे पाहिलेले नसतात.

आमच्या ओळखीतला एक तरुण भंडाऱ्याकडून कंपनीत कंत्राटी कामाला आला होता. रात्रपाळी, एसीतले काम, पाणी पिण्याची सवय नाही. एका पहाटे हातपाय आणि पाठ असह्य दुखू लागली. मित्रांनी जवळच्या दवाखान्यात नेले, तिथे पित्ताचे इंजेक्शन देऊन घरी पाठवले. दुसऱ्या रात्री पुन्हा नेले, तर वेदनाशामकाची सवय लागली असेल असा संशय घेतला गेला. सिकलसेलचे गावचे कार्ड आईच्या पेटीत होते, आणि या पोराने खोलीतल्या कुणालाही आजार सांगितला नव्हता. कळले तर कामावरून काढतील, लग्न जमणार नाही, अशी भीती. तिसऱ्या दिवशी आमच्यातल्या एका ताईने, त्या मूळच्या नागपूरच्या, ‘तुला सिकल आहे का रे’ असे सरळ विचारले, तेव्हा तो रडला.

म्हणून विदर्भातून आलेल्या कुटुंबाला पहिल्याच भेटीत, इतरांसमोर नव्हे तर एका बाजूला घेऊन, तपासणी झाली आहे का हे विचारावे. वाहक आणि रुग्ण हा फरक समजावून सांगावा. वाहकाला सहसा त्रास नसतो. दोघेही वाहक असलेल्या जोडप्याला प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. रुग्णाने भरपूर पाणी प्यावे, थंडीपासून आणि अतिश्रमापासून जपावे, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे, आणि फॉलिक ॲसिड किंवा हायड्रॉक्सीयुरिया चालू असेल तर ते आपल्या मनाने बंद करू नये. शहरात आल्यावर औषध तुटते ते याच ठिकाणी : गावच्या सरकारी दवाखान्यातून मिळायचे, इथे कुठे मिळते ते माहीत नाही. जुने कागद घेऊन जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नव्याने नोंद करून घ्यावी.

१ जुलै २०२३ पासून केंद्राचे सिकलसेल निर्मूलन अभियान चालू आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हा आजार समाविष्ट आहे, त्यामुळे दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. रक्त लागले तर या रुग्णांना ते मोफत आणि बदली रक्तदाता न मागता मिळायला हवे. एसटीच्या प्रवासातही सवलत आहे. कार्डाचा फोटो रुग्णाच्या फोनमध्ये आणि खोलीतल्या एका विश्वासाच्या माणसाच्या फोनमध्ये असलाच पाहिजे.

क्षयरोगाचेही थोडे असेच आहे. गावाला उपचार सुरू झालेला माणूस शहरात आला की गोळ्या तुटतात, आणि अर्धवट औषधाने जंतू दाद देईनासा होतो. निक्षय क्रमांक घेऊन जवळच्या क्षयरोग केंद्रात गेले की उपचार तिथून पुढे चालू राहतो. पोषणासाठी महिना १,००० रुपयांची मदत नोव्हेंबर २०२४ पासून आहे. एचआयव्हीच्या रुग्णाची एआरटी केंद्रातूनही अशीच बदली होते. या दोन्ही बाबतींत गुप्तता पाळता येत नसेल त्या स्वयंसेवकाने हे काम हातात घेऊ नये.

फक्त उपचारासाठी आलेले

कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक यांचा प्रश्न वेगळा, कारण त्यांना घर करायचे नसते, पण महिनोन्‌महिने राहावे लागते. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा अशा कुटुंबांना अनेक वर्षे आसरा देत आली आहे. अशा बहुतेक ठिकाणी रुग्णालयाचा कागद बघूनच जागा देतात, म्हणजे पहिल्या एक-दोन रात्रींची सोय वेगळी करावी लागते. तिथेच विहार कामाला येतो. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वेच्या स्लीपर वर्गात पूर्ण आणि सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत आहे. रुग्णालयाकडून त्याचा अर्ज भरून घ्यावा.

गाडगेबाबांनी १९४९ मध्ये पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, हे आपल्याला माहीत असते. परळची बीआयटी चाळ, जिथे बाबासाहेब अनेक वर्षे कुटुंबासह राहिले, ती याच रुग्णालयांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. गिरण्यांच्या काळात या चाळींच्या खोल्यांत आणि गॅलऱ्यांत गावाकडून आलेला भाऊबंद काम लागेपर्यंत झोपायचा. आपल्यातल्या किती घरांचे शहरातले पाऊल असे कुणाच्या तरी गॅलरीत पडले, ते घरच्या म्हाताऱ्यांना विचारून पाहा.

स्वयंसेवकाने काय करू नये

आमची एक चूक सांगतो. एका काकांच्या शस्त्रक्रियेची फाइल तयार करताना आम्ही त्यांचे मूळ रेशनकार्ड आणि आधार ‘आमच्याकडे सुरक्षित राहील’ म्हणून ठेवून घेतले. फाइल ज्याच्या कपाटात होती तो कार्यकर्ता लग्नाला गावी गेला. त्याच रात्री काकांना दाखल करावे लागले. कागद नाहीत म्हणून नातेवाइकांनी व्याजाने पैसे आणून भरले. नंतर आम्ही वर्गणी काढली, पण व्याज त्यांनीच फेडले. तेव्हापासून मूळ कागद कुणाचाही हातात घ्यायचा नाही, फक्त फोटो आणि झेरॉक्स, असा नियम आहे.

पैशाला हात लावू नये. मदत द्यायचीच असेल तर रुग्णालयाच्या किंवा औषधाच्या दुकानाच्या बिलावर, पावती घेऊन. ‘लवकर नंबर लावून देतो’ म्हणणारे दलाल प्रत्येक मोठ्या रुग्णालयाच्या दारात असतात, आणि लोक आपल्यालाही आधी त्यांच्यातलेच समजतात.

औषध सुचवू नये. डॉक्टरांनी काय सांगितले ते रुग्णाला समजले का, एवढे विचारावे. बाईमाणसाबरोबर ताईंनीच जावे. रुग्णाच्या खाटेजवळ फोटो काढून स्टेटसला टाकू नये. त्याने परवानगी दिली तरी नाही, कारण त्या वेळी तो नाही म्हणू शकत नाही. गटाचे किंवा पक्षाचे उपरणे घालून वॉर्डात जाऊ नये. परिचारिकेशी आणि कारकुनाशी नमते घेऊन बोलावे, त्यांच्यावर रोज हजार माणसांचा भार असतो. जातीवरून अपमान झाला तर मात्र तारीख, वेळ, शब्द लिहून ठेवावेत आणि पुढे काय करायचे ते रुग्णाला विचारूनच ठरवावे. उपचार त्याचा चालू आहे, आपला नव्हे.

पहिल्या भेटीला आपण बोलतो, दुसऱ्या भेटीला रुग्णाचा नातेवाईक बोलतो आणि आपण मागे उभे राहतो, तिसऱ्याला जात नाही. हे पाळणे वाटते त्यापेक्षा अवघड आहे. लोकांना आपली गरज लागावी असे आपल्यालाच कुठेतरी वाटत असते.

कधी आणि किती

जूनमध्ये विद्यार्थी येतात. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना सामाजिक न्याय विभागाच्या वसतिगृहात जागा न मिळाल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचा अर्ज करता येतो, हे त्यांना सांगावे. स्पर्धा परीक्षेच्या पोरांची कावीळ आणि उपासमार दिसते, पण मन खचलेले दिसत नाही. १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर मराठीतही बोलता येते. दिवाळीनंतर बांधकामावर आणि वीटभट्टीवर कुटुंबे येतात. बांधकाम मजुराने वर्षात ९० दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र घेऊन इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करावी, म्हणजे उपचाराच्या आणि बाळंतपणाच्या मदतीला पात्र होतो. ठेकेदार ते प्रमाणपत्र द्यायला टाळतो, म्हणून कामाला लागल्यापासूनच हजेरी वहीत लिहायला लावावी.

पाच जणांचा गट पुरतो. आमच्या टेबलावर एक वही असते. तिच्यात नाव, गाव, कोणत्या दवाखान्यात गेलो, आणि पुढच्या रविवारी फोन कुणी करायचा, इतकेच लिहिलेले असते. आजाराचे नाव आम्ही त्या वहीत लिहीत नाही.